आदरार्थी बहुवचनातला नवरा

इमिग्रेशनच्या खात्याकडून आलेल्या पत्रात तीन प्रश्न होते. पहिला, तुमच्या पत्त्यावर एकूण किती व्यक्ती राहतात? दुसरा, अर्जदाराखेरीज तुमचे आणखी कुणाशी वैवाहिक स्वरूपाचे संबंध आहेत का? तिसरा, असल्यास त्या सर्वांची नावे व जन्मतारखा कळवाव्यात. उत्तराला मुदत दोन आठवडे.

मी ते तीनदा वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गॅसपाशी उभा राहून भाकरी उलटत होता. त्याने आमच्या एका खोलीकडे, एका पलंगाकडे आणि दोन खुर्च्यांकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "मग बाकीचे झोपतात कुठं?"

हसलो दोघेही. पण हसून झाल्यावर तो भाकरी तव्यावरच विसरला. त्याच्या व्हिजिटर व्हिसाचे सहा आठवडे उरले होते. मी इथे शिकायला आले, शिकले, नोकरीला लागले, कायमची रहिवासी झाले आणि मग गावी जाऊन लग्न केलं. लग्नानंतर तेरा महिने आम्ही फोनवर संसार केला. मी दुपारी जेवताना तो दात घासायचा. मी भाजी निवडताना तो दुपारचा डबा उघडायचा. आता कुठे एका ताटात जेवू लागलो होतो. पार्टनर म्हणून त्याचा वर्क व्हिसा मंजूर झाला नाही, तर त्याला परत जावं लागणार आणि पुन्हा तेच सगळं सुरू होणार, किती वर्षं ते कुणालाच माहीत नव्हतं.

चूक कुठे झाली ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. चूक माझीच होती. अर्जासोबत घरच्यांची पत्रं जोडायची असतात, की हे लग्न खरं आहे, आम्ही ओळखतो, दोघं सुखात आहेत. माझ्या आईने पत्र लिहिलं. आई चौथी पास. आयुष्यात तिने सरकारला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, त्यामुळे वहीचं पान पट्टीने आखून, एकही खाडाखोड न करता लिहिलं होतं. "आमचे जावई फार शांत आहेत. ते पहाटे उठतात. ते माझ्या मुलीला घरकामात मदत करतात. ते भाकरी करायला शिकले आहेत. ते कुणाशी भांडत नाहीत." असं पानभर.

हे पत्र मी ख्राइस्टचर्चच्या एका मान्यताप्राप्त भाषांतरकारांकडे पाठवलं. त्यांनी शिक्का मारून इंग्रजी प्रत धाडली. अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. मी शिक्का पाहिला, सही पाहिली आणि अपलोड केलं. मजकूर वाचलाच नाही. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासते. नमुन्यावरचं लेबल वाचून आत काय आहे ते ठरवायचं नसतं, हे मी नव्या मुलांना शिकवते. आणि स्वतः लेबल वाचून मोकळी झाले.

आता वाचलं. मराठीत जावई एक असला तरी जावई आणि दहा असले तरी जावईच. पुढे "आहेत" आलं, "उठतात" आलं. भाषांतरकारांनी सरळ अनेकवचन धरलं होतं. आमचे सन्स-इन-लॉ फार शांत आहेत. ते सगळे पहाटे उठतात. ते सगळे माझ्या मुलीला मदत करतात. आणि माझ्या स्वतःच्या निवेदनात मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की मी आईवडिलांची एकुलती एक मुलगी.

म्हणजे मुलगी एक, जावई अनेक, पत्ता एकच. पत्राखाली सही करणाऱ्या अधिकारी बाईंच्या जागी मी असते, तर मीही जन्मतारखा मागितल्या असत्या.

भाषांतरकारांना फोन केला. वयस्कर गृहस्थ. कोर्टातल्या कागदपत्रांची उलथापालथ करण्यात जन्म गेलेला. आवाज अतिशय सभ्य.

"काका, जावई एकच आहे."

"असतील. पत्रात तसं लिहिलेलं नाही."

"अहो, ते आदराने लिहिलंय. आदरार्थी बहुवचन."

"ताई, आदर कागदावर दिसत नाही. 'आहेत' दिसतं."

"पण संदर्भावरून कळतंच ना?"

"मी शिक्का मारतो. शिक्क्याखाली अंदाज चालत नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग कुणाचं 'आमचे वडील गेले' असं पत्र आलं, तर तुम्ही किती वडील मारता?"

ते रागावले नाहीत, विचारच करत होते. मग म्हणाले, "वडील एकच असतात, हे कायद्याला ठाऊक आहे. जावयांचं तसं नाही."

दुसरा भाषांतरकार गाठावा, असं मनात आलं. पण एकाच पत्राची दोन भाषांतरं, दोन्हींवर शिक्के, एकात नवरे अनेक आणि दुसऱ्यात एक. त्याने संशय कमी होण्याऐवजी वाढलाच असता. काकांनी मार्ग सुचवला. मूळ पत्र एकवचनात लिहून आणा, मी एकवचनात भाषांतर करतो.

इतकं सोपं. आईला फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळ, सांगोल्याजवळच्या आमच्या गावी दुपार.

"आई, पत्र परत लिहावं लागेल."

"का गं? अक्षर चांगलं न्हाई का?"

"अक्षर छान आहे. फक्त जावयांना एकवचनात लिही."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे, जावई शांत आहे. तो पहाटे उठतो."

 

"तो?" आई म्हणाली. "तो कोण? आपला गडी हाय व्हय?"

"आई, इथल्या सरकारला वाटतंय, की मला चार नवरे आहेत."

"वाटू दे की. चार असले तर चारी जावयास्नी अहो-जाहोच करीन मी."

"अगं, ह्यांना परत पाठवतील."

"आरं-तुरं केलं न्हाई म्हणून? आसलं कसलं सरकार गं ते?"

"त्या अधिकारी बाईंशिवाय कुणी वाचणार नाही ते. इथल्या ऑफिसात पडून राहील."

"कागद हाय त्यो. कागद कुठंबी जातो. उद्या विहीणबाईंच्या हातात पडला तर? म्हणतील, लेक परदेशात गेली आन् आई जावयाला तो म्हणाया लागली. तू शिकलीस, तुला सोपं वाटतंय."

हे शेवटचं वाक्य तिने मला आयुष्यात निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. तू शिकलीस. कधी कौतुकाने, कधी टोमणा म्हणून. या वेळी दोन्ही नव्हतं. तिला खरंच जमत नव्हतं. पेन धरून बसली तरी "तो" उमटत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला: "जावई हे एकटेच आहेत." मी काकांना पाठवला. काका म्हणाले, "हे म्हणजे धीस की दीज? आणि 'आहेत' तसंच आहे. चालणार नाही."

मग मी आईला शिकवू लागले. लेक पदवीधर असण्याचा उपयोग दुसरा काय? म्हटलं, आई, जावयाला कर्ता करूच नकोस. कर्ताच नाही, तर क्रियापद कुणाच्या मागे जाणार? जावई आले असं लिहू नकोस, जावयाचं येणं झालं असं लिही. जावई जेवले नको, जावयाचं जेवण झालं. ते भाकरी करतात नको, जावयाला भाकरी येते. येते कोण? भाकरी येते. ती एकच. झालं!

आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे नवरा वाक्याच्या बाहेर उभा करायचा."

"बरोब्बर."

"ते जमंल."

आणि चार दिवसांनी तिचं नवीन पत्र आलं. तिने माझ्याही पुढे मजल मारली होती. क्रियापदांचा धोका नको म्हणून तिने ती शक्य तेवढी काढूनच टाकली होती. पान तसंच पट्टीने आखलेलं. मजकूर असा:

जावई – एक.
स्वभाव – शांत.
उठण्याची वेळ – पहाट.
भाकरी – येते.
भांडण – नाही.
दारू, तंबाखू – नाही.
लेक – सुखात.

"एक" या शब्दाखाली दोन रेघा.

नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "जुनी गाडी विकायला काढल्यासारखं वाटतंय." काकांना मात्र पत्र फार आवडलं. इतका स्वच्छ मजकूर पुष्कळ दिवसांनी हाती आला, म्हणाले. त्याच दिवशी भाषांतर करून शिक्का मारला. या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली. दोनदा.

पण नुसत्या तेवढ्यावर भागणार नव्हतं. घरात किती माणसं राहतात, याचा पुरावा द्यायचा होता. आम्ही हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात एका घराच्या मागच्या अंगणातला ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे एका खोलीचं छोटं घर, भाड्याने घेतला होता. पुढच्या घरात मालकीणबाई राहतात. त्या सत्तरीच्या, विधवा, बोलायला मोकळ्या. इथे मी "त्या" लिहिलं आहे. त्या एकट्याच आहेत.

त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्या ओट्याला टेकून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या आणि मला हळूच विचारलं, "पण खरंच एकच आहे ना गं?" मी म्हटलं, "खरंच." त्या म्हणाल्या, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि तिथेच टेबलावर बसून पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा, की मागच्या घरात मी तरी एकच नवरा पाहिला आहे. तो सभ्य आहे. तिथे गरम पाण्याची टाकी लहान आहे. दुसरा असता तर मला कळलंच असतं.

या बाईंच्या स्वयंपाकघरातला एक स्विच सैल होता. माझा नवरा आयटीआय झालेला वायरमन. गावाकडे त्याने अख्ख्या शाळेचं वायरिंग केलेलं आहे. पण इथे काम करायची परवानगी नाही, इथलं लायसन्स नाही. त्या घरी गेला, की तो हात पाठीमागे बांधून त्या स्विचसमोर उभा राहायचा. देवळात उभं राहतात तसा. मला ते बघवायचं नाही.

राहिलं माझं स्पष्टीकरण. ते मी दोन पानी लिहिलं आणि मला त्याचा अभिमान होता, तो लपवत नाही. कॉलेजात मी विज्ञानाची. व्याकरण दहावीनंतर सोडलेलं. तरी नमुने मांडतात तसं मांडलं. तक्ता काढला. एकवचन: मुलगा आला. अनेकवचन: मुलगे आले. आदरार्थी: गुरुजी आले, आणि गुरुजी एकच. खाली लिहिलं, की आपल्या इंग्रजीतही "यू" हा शब्द एकाला आणि अनेकांना सारखाच वापरतात. तरी आपण पत्राच्या सुरुवातीला मला "यू" म्हणालात, तेव्हा मी इथे कितीजणी आहे असा प्रश्न मला पडला नाही. शेवटी लिहिलं होतं, की एकाचे दोन, दोनाचे चार होताना मी रोज मायक्रोस्कोपखाली जीवाणू पाहते, नवऱ्याच्या बाबतीत असं काही आढळलेलं नाही.

नवरा म्हणाला, "हे शेवटचं काढ."

"का? शास्त्रशुद्ध आहे."

"अगं, मला जंतू म्हणतेयस सरकारला."

काढलं.

सगळं पाठवलं. नऊ दिवसांनी निरोप आला, की अधिकारी अर्जदाराशी फोनवर बोलतील. दुभाषी लाइनवर असेल. पत्नीने त्या वेळी खोलीत थांबू नये.

आमच्याकडे खोली एकच. म्हणून मी अंगणात गेले आणि वाळलेले कपडे दोरीवरून काढू लागले. कपडे काढून झाले, म्हणून परत दोरीवर टाकले. काचेच्या दारातून तो दिसत होता. पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. वायरमन माणूस, मधला एक जोड सोडत नाही, त्यामुळे मी ते खरं मानते.

दुभाषी बाई पुण्याकडच्या. अधिकारी बाई काही विचारायच्या, त्या मराठीत सांगायच्या.

"तुम्ही एकटे आहात का, असं विचारतायत."

"हो, एकटाच."

"सध्या, की एरवीही?"

"सध्या एकटा. एरवी बायको असते."

"बायको आणि तुम्ही, एवढेच?"

"एवढेच."

मग सरळ प्रश्न आले. लग्न कुठे झालं, किती माणसं होती, बायको कामाला किती वाजता निघते, चहात साखर किती घेते. त्याने सगळी उत्तरं दिली. ती सहाला उठते, ती साखर घेत नाही, ती कामाला बसने जाते कारण तिला गाडी चालवायची भीती वाटते. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती.

आणि मग अधिकारी बाईंनी विचारलं, ते दुभाषी बाईंनी जरा अडखळत मराठीत आणलं. "त्या म्हणतायत, की तुमच्या पत्नीने दोन पानांत समजावून सांगितलंय, मराठीत ज्याला मान द्यायचा त्याला अनेकवचन लावतात. मी तुमचं बोलणं ऐकतेय आणि दुभाष्यांना विचारून घेतलं. तुम्ही पत्नीबद्दल सगळीकडे एकवचन वापरताय. तर तुम्ही तिला मान देत नाही का?"

त्या वेळी मी अंगणातून पाहिलं, तर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. मला वाटलं, संपलं.

तो म्हणाला, "आमच्यात बायकोला एकवचनच असतं, मॅडम."

"का?"

त्याने खरोखर विचार केला, असं त्याचं म्हणणं. मग म्हणाला, "ते मला कुणी शिकवलं नाही. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो. घरात बी.एस्सी. ती आहे. मी आयटीआय. मला इथं आणलं तिनं, अर्ज लिहिले तिनं. तुमचा नियम लावला तर अनेकवचन तिलाच पाहिजे. मला एकवचन पुरे."

दुभाषी बाईंनी हे इंग्रजीत सांगितलं. पलीकडे खूप वेळ टाइप केल्याचा आवाज येत होता, म्हणाला. मग अधिकारी बाईंनी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने दार उघडून मला आत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. मी वाळलेले कपडे हातात घेऊन तशीच उभी. दोन पानं लिहिली मी. तक्ता काढला. गुरुजी घातले, मुलगे घातले. त्या तक्त्यात माझी जागा कुठे आहे, हे फोनच्या पलीकडून, मराठीचा गंध नसलेल्या एका परक्या बाईला दिसलं. मला दिसलं नव्हतं. शिकलेली मी.

"तुम्ही उत्तर चुकवलंत तर नाही ना?" मी विचारलं.

"माहीत नाही. खरं ते सांगितलं."

पुढचा आठवडा वाईट गेला. तो रोज संध्याकाळी मला विचारायचा, ते वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं का? मी म्हणायची, छे. आणि मनात म्हणायची, कदाचित. एकदा तो चहा करताना म्हणाला, "अहो, थोडा घेता का?" मी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. कुणीच नव्हतं. मलाच म्हणत होता. दीड दिवस त्याने ते चालवलं. "तुम्ही जेवलात का, तुमचा डबा भरलाय." मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मीच थांबवलं. म्हटलं, जावई होऊन सासुरवाडीला आल्यासारखं वाटतंय. मग आम्ही असं ठरवलं, की यापुढे मीही त्याला "तू" म्हणायचं. मला ते जमायला त्याच्याहून जास्त वेळ लागला. आईपेक्षा मात्र कमी.

उत्तर आलं तेव्हा शनिवार होता. मी पालक धूत होते, तो मोबाइल बघत होता. त्याने मोबाइल नुसता माझ्यासमोर धरला. मी आधी तारीख वाचली, मग नाव, मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं. वर्क व्हिसा मंजूर. दोन वर्षांचा. कुठेही, कुणाकडेही काम करण्याची मुभा. मग परत वरून वाचलं, न जाणो.

"नक्की?" तो म्हणाला.

"नक्की. तू वाच ना."

"वाचलंय. तू वाचलंस की पक्कं होतं."

तो थोडा वेळ पलंगावर बसला. मग उठला, पलंगाखालून त्याची मोठी बॅग ओढून काढली. दोन स्वेटर, कागदपत्रांची फाइल आणि बूट तो अजून तिच्यातच ठेवत होता. आल्यापासून. जायची वेळ आली तर धावपळ नको, म्हणून. त्याने ते सगळं काढून माझ्या कपाटात एक कप्पा रिकामा करून ठेवलं. मी काही मदत केली नाही. पालक हातातच होता.

रिकामी बॅग घेऊन तो मालकीणबाईंच्या गॅरेजकडे निघाला, तिथे माळ्यावर ठेवायला. त्या बागेत गुडघे टेकून तण काढत होत्या. बॅग घेतलेला तो दिसला आणि त्यांच्या हातातलं खुरपं गळून पडलं. "ओ नो," त्या ओरडल्या, "त्यांनी नाही म्हटलं?"

"नो, नो," तो घाईघाईने म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं, की हे उत्तर चुकीच्या बाजूने लागलं. "येस! दे सेड येस. बॅग नो. मी येस."

त्या चिखलाच्या हातांनी त्याला मिठी मारत होत्या आणि तो एका हाताने बॅग उंच धरून उभा होता, तिला माती लागू नये म्हणून.